कुंदाचे उन्हातले पोहे

कुंदा गेली हे सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं तेव्हा आधी मला ते खोटंच वाटलं. आमच्या ग्रुपवर धडधाकट माणसांनाही श्रद्धांजली वाहून झालेली आहे. शिवाय गणपतीत तर ती आरतीचं ताट घेऊन जिने चढत होती. खात्री करायला म्हणून मी समोर तिच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग... मग विश्वास ठेवावा लागला.

माझा स्वभावच असा. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, परीक्षांना सुपरव्हिजन केलं. कुणी चिठ्ठी आणलीय हे मी पोरांच्या चालीवरून ओळखायचे. रिटायर होऊन जुईनगरला राहायला आले तरी नजर तीच. दूधवालासुद्धा मला वचकून असतो. कुंदा मात्र नव्हती. ती साताऱ्याकडची, नवरा मार्केटात माथाडी. मला ‘बाई’ म्हणायची आणि तोंडावर हसायची. “बाई, तुमी देवाचा प्रसादबी वास घिऊन खाता.”

गेल्या दसऱ्याला आम्ही बायकांनी दुपारी पार्टी ठेवली, तीत पदार्थांची स्पर्धा. हॉलमध्ये शेगडीला मनाई, म्हणून नियमच केला की घरीसुद्धा गॅस पेटवायचा नाही. परीक्षक अर्थातच मी. खजुराचे लाडू आले, काकडीच्या चकत्यांवर चक्का आला, खाकऱ्यावर चटणी-शेव आली. कुंदाने आणले मेतकूट लावलेले पातळ पोहे. वर कच्चं तेल, डाळं, खोबऱ्याचे काप. मी घास घेतला आणि पोहे दाताखाली कुरकुर वाजले. इथल्या खाडीच्या दमट हवेत, कढईत परतल्याशिवाय? शक्यच नाही.

“गॅसवर भाजलेस ना?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

“नाय बाई. उन्हात वाळवलेत, गच्चीवर.”

“खरं सांग, कुंदा.”

मी तिचं नाव खोडलं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, “बरं” म्हणाली आणि घरी गेली. पुढे वर्षभर बोलायची, विचारपूस करायची, पण माझ्यावर हसणं तिने बंद केलं. ते मला फार लागलं. तरी मी माघार घेतली नाही, कारण मला वाटत होतं की चोरी तिचीच आहे.

तेराव्याला मी तिच्या नवऱ्याला, भाऊंना, त्या पोह्यांचं विचारलंच. अशा दिवशी विचारायची लाज वाटली, पण राहवेना.

भाऊ म्हणाले, “वर बसून असायची, कबुतरं हाकलत. मी म्हनलं, बाईंना गच्चीवर नेऊन दाखव की. तर म्हनली, माझा शब्द पुरंना त्यास्नी, तर ऊन काय सांगनार?”

घरी आले. तरी मनात आलंच, नवराच तो, बायकोची बाजू घेणारच.

म्हणून परवा, दसऱ्याच्या तोंडावर, अर्धा किलो पातळ पोहे आणले आणि जुन्या सुती साडीवर गच्चीत पसरले. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते वातडच होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या त्या उन्हात डोकं दुखेपर्यंत बसले. चार वाजता एक चिमूट तोंडात टाकली आणि ते वाजले. मी तिथेच कठड्याला टेकून रडले. कुंदा खरं बोलत होती, आणि मी तिला चाळीस बायकांपुढे खोटं पाडलं होतं. आता माफी मागायला ती नाही.

वाटीभर पोहे घेऊन भाऊंकडे गेले. त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला.

“एक दिवस कमी पडलाय बाई. ती तीन दिवस ठिवायची.”

मी दुसरी चिमूट तोंडात टाकून बघितली नाही. वाटी उचलली, वर गेले आणि पोहे पुन्हा साडीवर पसरले.