आभार संपेपर्यंत बसून राहावे

सभेत आभार मानायला एक माणूस उभा राहिला की त्याच्यासोबत सगळी सभाच उभी राहते. कोणी पिशवी उचलतं, कोणी खुर्चीखाली पायानं चप्पल चाचपतं, कोणी मागं वळून 'काय म्हणतेस, बऱ्याच दिवसांनी!' म्हणत गप्पा सुरू करतं. करी रोडच्या ज्या चाळीत धोंडू कासले राहतात, तिच्या पटांगणात दर जानेवारीत तीन दिवस व्याख्यानमाला भरते. तिथं धोंडूकाका एकतीस वर्षं आभार मानत आले, आणि एकतीस वर्षं त्यांना लोकांच्या फक्त पाठी दिसल्या.

मंडळात चढायच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी सतरंजी अंथरायची, मग पाण्याचा तांब्या ठेवायचा, मग माइकवर 'हॅलो, हॅलो' करायचं, मग आभार, त्याच्यावर परिचय, त्याच्यावर प्रास्ताविक, आणि सर्वात वर अध्यक्ष, ज्यांना काहीच करावं लागत नाही. धोंडूकाका आभारापर्यंत चढले आणि तिथंच राहिले. त्यांची तक्रार नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी हिंदमाताला साडीच्या दुकानात नोकरी केली होती. साठ साड्या उलगडायच्या, बाई 'बघते हं, येते परत' म्हणून उठली की साठही घड्या पुन्हा घालायच्या. उठून जाणाऱ्या माणसाचा राग धरायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

इच्छा मात्र एक होती. आपलं आभाराचं भाषण एकदा तरी कोणीतरी बसून शेवटपर्यंत ऐकावं.

ते भाषण साधंसुधं नव्हतं. दरवर्षी त्यात दोन-तीन नावं वाढत गेली होती. 'सर्वप्रथम' या शब्दानं ते सुरू व्हायचं. मग वक्ते, मंडपवाला, वीजवाला, मग चाळीतले एकेक जण, मग श्रोते. श्रोत्यांचे आभार येईस्तोवर श्रोते आपापल्या घरी जेवायला बसलेले असत. आणि श्रोत्यांच्याही नंतर एक शेवटचं वाक्य होतं, पहिल्याच वर्षी लिहिलेलं. ते होतं बायकोसाठी, अंबिकाबाईंसाठी. पण अंबिकाबाई तर सगळ्यांत आधी उठायच्या. 'सर्वप्रथम' ऐकलं की त्यांची पावलं घराकडे वळलीच. नवरा बोलून बोलून दमून येणार, त्याला भात गरम मिळायला हवा, हा त्यांचा हिशेब.

मग घरीच का नाही सांगून टाकलं? असा प्रश्न शहाण्या माणसाला पडेल. धोंडूकाकांना तो कधी पडला नाही. माइकवर मानतात ते आभार, घरात बोलतात त्या गप्पा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आणि 'आज थांब' म्हणावं, तर ती मालवणीत 'कशाक?' म्हणून विचारणार.

यंदा मात्र गळ्याशी आलं. मंडळाचा नवा कार्यवाह दीपक लोअर परळला एका कंपनीत माणसं घ्यायच्या आणि काढायच्या खात्यात आहे. त्यानं बैठकीत जाहीर केलं, "काका, पुढच्या वर्षीपासून आभार पडद्यावर. एक स्लाइड. धन्यवाद, खाली जोडलेले हात. चार सेकंदांत विषय संपला."

"चार सेकंदांत मंडपवाल्याचं नावसुद्धा होत नाही रे," धोंडूकाका म्हणाले.

"नावं कशाला? ऐकतंय कोण?"

हे लागलं. लागायचंच. पण खरं होतं.

यंदाचा विषयही दीपकनंच ठरवला होता. 'यशाचे आणि नेतृत्वाचे धडे'. तीन वक्ते, तिघेही मोठमोठ्या संगणक कंपन्यांचे माजी अधिकारी. माजीच का, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा दीपक म्हणाला, "अहो, नोकरीत असलेल्यांना वेळ नसतो. माजी लगेच येतात. एक तर 'आत्ता येऊ का' म्हणत होता."

पहिल्या दिवशी अमित नावाचे गृहस्थ आले. चारशे माणसांना कामावरून काढल्याच्या पत्रांवर त्यांनी स्वतः सह्या केल्या होत्या. चारशे एकावं पत्र त्यांच्याच नावाचं निघालं. तरी चेहरा प्रसन्न. ते म्हणाले, "सर्वात महत्त्वाचं काम सर्वात आधी करा. शेवटी ठेवलेलं काम कोणी पाहत नाही."

धोंडूकाका ताडकन सरळ बसले. एकतीस वर्षांत एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही याची त्यांना लाज वाटली. त्या दिवशीचे आभार त्यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे मानले. भरलेली एकच होती. तिच्यात गिरणीत आयुष्य काढलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे रामजीबाबा होते, आणि ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, अजून प्रास्ताविकही झालं नव्हतं, तोच धोंडूकाका माइकपाशी गेले आणि म्हणाले, "सर्वप्रथम आजच्या वक्त्यांचे आभार."

पुढं जे झालं त्याला कोणाचाच दोष नाही. लोक उठले. सवयच ती. भाषण झालं की नाही, घड्याळात किती वाजले, असला विचार कोणाच्याही मनात आला नाही. आभार सुरू झाले म्हणजे कार्यक्रम संपला. बायकांनी पिशव्या उचलल्या, मंडपवाल्याच्या माणसांनी खुर्च्या मिटायला घेतल्या, ध्वनिक्षेपकवाल्यानं वायर गुंडाळली. आवारातून बाहेर पडताना दोघं-तिघं म्हणाले, "आज चांगलं झालं हां भाषण. आटोपशीर." अंबिकाबाईंनी सव्वासातला कुकर लावला आणि आज भूक लवकर कशी लागेल म्हणून त्या काळजीत पडल्या.

व्यासपीठावर खांद्यावर शाल घेतलेल्या, त्या दिवशीच्या वक्त्या मेघनाबाई उरल्या. समोर झोपलेले रामजीबाबा, डोक्याला हात लावलेला दीपक आणि घामाघूम धोंडूकाका. मेघनाबाई मुळीच गडबडल्या नाहीत. "माझ्या कंपनीत शेवटच्या महिन्यात साधारण अशीच उपस्थिती होती," असं म्हणून त्यांनी विनामाइक पन्नास मिनिटं भाषण केलं. त्यातली एक गोष्ट धोंडूकाकांच्या काळजात जाऊन बसली. "लोक उठून का जातात हे विचारत बसू नका. उठायची सोयच काढून घ्या. आम्ही आमच्या ॲपमधून बाहेर पडायचं बटणच काढून टाकलं होतं. वापरणारे तिप्पट झाले. पुढं खटला झाला, तो भाग वेगळा."

त्या रात्री दीपक दारात येऊन ओरडून गेला. धोंडूकाकांच्या कानात काही शिरलं नाही. ते पाटावर बसून विचार करत होते. माणसाच्या अंगावर बाहेर पडायचं बटण कुठं असतं? पस्तीस वर्षं साडीच्या दुकानात काढलेल्याला याचं उत्तर शोधावं लागत नाही. ते पायात असतं.

तिसऱ्या दिवशी लोक आले तर पटांगणात एकही खुर्ची नव्हती. हिंदमाताच्या जुन्या शेठकडून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरल्या होत्या. "आज भारतीय बैठक," धोंडूकाका हात जोडून सांगत होते. गादीवर चपला घालून कोण चढणार? चपला निघाल्या. निघाल्या की धोंडूकाका त्या दुकानाच्या पिशवीत घालत, साडीला किमतीची चिठ्ठी लावतात तसा पिशवीला एक नंबर लावत आणि तोच नंबर मालकाच्या हातात देत. बघता बघता एकशे बारा पिशव्या व्यासपीठामागं रचून झाल्या. शिवाय साठीच्या पुढचं माणूस एकदा जमिनीवर मांडी घालून बसलं की त्याला उठवायला दोन माणसं लागतात, हेही धोंडूकाकांनी धरलेलंच होतं. स्वतःचे गुडघे होते ना तपासायला!

अंबिकाबाईंना चौतीस नंबर मिळाला. त्या दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या.

शेवटचे वक्ते स्वप्नील हे तिघांत सर्वांत मोठे. देशभरातली चार हजार माणसं त्यांनी एका पत्रानं घरी पाठवली होती. पत्राच्या शेवटी सर्वांचे मनःपूर्वक आभार होते, तेही यंत्रानं लिहिलेले, हे त्यांनी लपवलं नाही. ते म्हणाले, "मी उशिरा शिकलो, पण एक गोष्ट शिकलो. खरा नेता सगळ्यांचं ऐकतो आणि सर्वात शेवटी बोलतो."

धोंडूकाकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सर्वात शेवटी कोण बोलतं या पटांगणात? अध्यक्ष? अध्यक्ष मधेच बोलतात. दीपक सुरुवातीला बोलतो. एकतीस वर्षं सर्वात शेवटी एकच माणूस बोलत होता. म्हणजे इतकी वर्षं नेता आपणच होतो आणि मेल्यांनी आपल्याला सांगितलं नाही! दीपकनंही चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यालाही बहुतेक तेच वाटलं असावं.

टाळ्या झाल्या. धोंडूकाका माइकपाशी आले. "हॅलो, हॅलो. सर्वप्रथम..."

सवयीनं सगळी सभा उठायला गेली आणि अर्ध्यावर अडकली. कोणाचा गुडघा धरला, कोणाचा पाय मुंग्यांनी भरला. जी तरुण होती ती उठली, पण चपला सापडेनात.

"चपला कुठे आमच्या?"

"आभारानंतर मिळतील," धोंडूकाका म्हणाले. "नंबर जपून ठेवा."

"धोंडू, लघवीला जायचंय रे," मागून एक केविलवाणा आवाज आला. दीपकनं वाटाघाटी करून त्यांना परत यायच्या अटीवर सोडवलं.

मग सगळे माइककडे वळले. शंभरावर चेहरे धोंडूकाकांकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना समोर चेहरे दिसले आणि ते चेहरे रागावलेले होते. त्यांनी कागद खाली घेतला. हेच हवं होतं का आपल्याला? डांबून ठेवलेली म्हातारी माणसं? त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला. "चुकलं माझं. चपला मागं आहेत. ज्याला जायचंय त्यानं खुशाल जा. मी आपलं वाचून टाकतो. सवय आहे."

आणि मान खाली घालून ते वाचू लागले. वक्ते झाले, मंडपवाला झाला, वीजवाला झाला. "तिसऱ्या मजल्यावरच्या शैलाताई. एकोणीस वर्षं त्या व्याख्यानाच्या तीन दिवसांत सात ते नऊ मिक्सर लावत नाहीत. वाटण पाट्यावर करतात. त्यांचे आभार."

चपला शोधायला निघालेल्या शैलाताई जागच्या जागी थांबल्या. "ह्यांना कसं कळलं?" असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

"रामजीबाबा. पहिल्या वर्षी मंडळाकडे तांब्या नव्हता, तो त्यांनी घरून दिला. आजही समोर आहे तो तोच. त्यांचे आभार." रामजीबाबा जागे होते. "माझाच हाय तो," ते मोठ्यानं म्हणाले. "बुडाला पोचा हाय, बघा."

आता पटांगणात कोणी हलेना. उठलेले बसले. जो तो कान टवकारून आपलं नाव येतंय का बघत होता. कोणाचं कशासाठी नाव आलं! एकानं दिवे गेले तेव्हा घरातून वायर सोडली होती, एकीनं वक्त्याला खोकला झाला म्हणून आलं-गूळ आणून दिलं होतं. अठ्ठावीस मिनिटं लागली. "आणि आपण सगळे श्रोते," धोंडूकाका म्हणाले, "आपण शेवटपर्यंत बसलात," आणि ते त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, कारण हे वाक्य आजवर कधी खरं झालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपकसुद्धा वाजवत होता.

आता फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं. धोंडूकाकांनी दुसऱ्या रांगेच्या कडेला पाहिलं. तिथली गादी रिकामी होती.

त्यांनी कागदाची घडी घातली. लोकांना वाटलं, संपलं. एकमेकांना हात देऊन ते उठले, चपलांचा गोंधळ झाला, दोघांचे डावे-उजवे बदलले, तरी कोणी भांडलं नाही. शेवटी व्यासपीठामागं एकच पिशवी उरली. चौतीस नंबर. बाई 'सर्वप्रथम' ऐकून तशीच अनवाणी निघून गेली होती.

पिशवी काखेत मारून धोंडूकाका जिना चढले. अंबिकाबाई गॅसपाशी होत्या. मागं न बघता त्यांनी विचारलं, "रवली काय माणसा आज, शेवटपर्यंत?"

"रवली."

"सगळी?"

"सगळी. एक सोडून."

अंबिकाबाई वळल्या. दारात नवरा उभा, एका हातात त्यांच्या चपलांची पिशवी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. "एक वाक्य रवलाहा," ते म्हणाले. "तुझा."

"माझा? आणि ता आजच वाचूक होया?"

धोंडूकाकांनी कागद तसाच पुढं धरला. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "वाचा. पण पयल्यापासून. अर्धवट माका नको."

धोंडूकाकांनी कागद उघडला. "हॅलो, हॅलो," ते सवयीनं म्हणाले. मग वक्त्यांपासून सुरू केलं. मंडपवाला, वीजवाला, शैलाताईंचा पाटा, रामजीबाबांचा तांब्या, श्रोते. बाई मधे एकदाही उठल्या नाहीत. "आणि सर्वात शेवटी," त्यांनी वाचलं, "माझी पत्नी अंबिका. घरी तिच्या हातचा गरम भात वाट बघतोय हे ठाऊक असतं, म्हणून मला समोर कोणी नसतानाही उभं राहून बोलता येतं. तिचे आभार."

अंबिकाबाईंनी कागद हातात घेऊन शेवटची ओळ पाहिली. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मगे आता माका उठवा. गुडघो धरलो. आणि आज भात कच्चो रवलो हा, सांगून ठेवतंय."

धोंडूकाकांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.