सुपडू मिस्त्री आणि आंघोळ घातलेलं इंजिन

असीरगडाच्या रस्त्याला केळीच्या बागा लागल्या, तोवर हातगाडीवर दोन नारळ, केळीची एक फणी आणि ओंजळभर आपट्याची पानं जमली होती. पुढून सुपडू मिस्त्री गाडी ओढत होते, मागून सविताताई ढकलत होत्या आणि मधोमध धोतरात गुंडाळलेलं, झेंडूचा हार घातलेलं मोटारीचं इंजिन बसलं होतं. दिवस दसऱ्याचा. कुणाला देवाची पालखी वाटली तर त्याची काय चूक?

एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थांबवून हात जोडले. "कोनता देव आहे हो काका?"

"चार तोंडाचा," मिस्त्री मान न वळवता म्हणाले.

"मंग तं ब्रह्मदेवच!" त्यानं सीटखालचा नारळ काढून हाराजवळ ठेवला. "ट्रॉलीत चढवा ना. निंबोल्यापर्यंत सोडतो."

"नै भाऊ. उघडं इंजिन दुसऱ्या इंजिनाच्या पाठीवर नै न्यायचं. त्याले लाज वाटते. मंग जनमभर धूर सोडून बदला घेतं. आमचे उस्ताद सांगून गेलेत."

त्यानं एकदा इंजिनाकडं पाहिलं, एकदा नारळाकडं पाहिलं. पण वाहिलेला नारळ परत कसा उचलायचा? पुन्हा एकदा हात जोडून तो निघून गेला.

सविताताईंचे पाय भरून आले होते, पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? पाप त्यांचं, तर पायपीटही त्यांचीच.

झालं होतं असं. सविताताईंचे यजमान भास्करराव नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन बऱ्हाणपुरात राहायला आले, तेव्हा जुनी मोटार सोबत आली. ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिऊ लागली आणि निळा धूर सोडू लागली. भास्कररावांनी सिंधीपुऱ्यातून सुपडू मिस्त्रींना बोलावलं. चौथ्या माळेला मिस्त्रींनी अंगणातच इंजिन उघडलं. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो, तिला ते लायनर म्हणत. चारही लायनर झिजले होते.

"ताई, बोट घाला आत," मिस्त्री म्हणाले होते. "वरच्या काठाले नख अडकतं का?"

"अडकतं हो! पायरीच आहे की!"

"पाह्यलं? तेवढी झीज झाली." असं म्हणून त्यांनी भास्कररावांकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणत होते, तुमच्यापेक्षा तुमच्या घरचं माणूस हुशार आहे. सविताताईंचा तो अख्खा दिवस गोड गेला.

मग नवे लायनर बसले, पिस्टनच्या मापाला घासून झाले. आतून बारीक तिरक्या रेषा पाडलेल्या. त्या रेषांत तेल टिकतं, तेल टिकलं तर इंजिन टिकतं. मिस्त्रींनी सगळं तेलानं माखून झाकून ठेवलं आणि आठव्या माळेच्या संध्याकाळी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली विळी, कात्री, शिलाई मशीन, सगळ्याची पूजा. मग इंजिनानंच काय घोडं मारलं? पण असं ओशट, काळं अंग देवीपुढं ठेवायचं तरी कसं? सविताताईंनी गरम पाणी केलं, भांड्यांची पावडर घेतली आणि चारही लायनर नारळाच्या शेंडीनं आतून लखलखीत घासले. वर हळदकुंकू, अक्षता, हार. इंजिनाची आरतीही झाली.

दसऱ्याच्या सकाळी मिस्त्री आले. झाकण उचललं. आत गूळ फासल्यासारखा तांबूस गंज.

मिस्त्रींनी झाकण हळूच परत ठेवलं. मग म्हणाले, "ताई, लोखंडाले अभ्यंगस्नान घातलं?"

सविताताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. भास्करराव नेपानगरला मित्रांकडं सोनं वाटायला गेलेले, एवढीच देवीची कृपा.

गंज थोडक्यात निघाला तर ठीक. जास्त घासावं लागलं तर लायनर मोठे होणार, पिस्टन आत खुळखुळणार, आणि त्या जुन्या गाडीचे दुसरे पिस्टन आता मिळत नाहीत. सिंधीपुऱ्यातला लायनर घासायचा कारखाना दसऱ्याला बंद. हलक्या हातानं लायनरमधून घासायचे दगड फिरवणारा एकच माणूस, निंबोल्याचा कौतिक. मिस्त्रींनी इंजिनाला तेल पाजलं, धोतरात गुंडाळलं. हार मात्र सविताताईंनी काढू दिला नाही. उत्तरपूजा झाल्याशिवाय कसा काढणार?

"ऐका ताई," अर्ध्या वाटेवर मिस्त्री म्हणाले होते, "डोईफोडिया गावाहून चौदा वर्षांचा आलो, तेव्हापासून हेच करतो. सुपडूनं बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागलं, असं आजवर कोनी म्हटलं नाही. एवढी एकच गोष्ट आहे आपल्यापाशी."

सविताताई मनातल्या मनात देवीला म्हणाल्या, माझं राहू दे, यांचं सांभाळ.

निंबोल्यात कौतिक ओसरीवर पान लावत बसला होता. इंजिनाचा हार पाहून म्हणाला, "काय रे सुपडू, लगन लावून आणलं का?" पण आत पाहिल्यावर त्यानं पान बाजूला ठेवलं. काडीला लावलेले दगड तेलात बुडवून त्यानं एकेका लायनरमधून फिरवले, दही घुसळावं तसे. मग फडक्यानं पुसून बाजूला झाला. "पाहा."

मिस्त्रींनी डोळे मिटून चारही लायनरमध्ये बोट फिरवलं. मान डोलावली. "काच आहे काच! ताई, तुम्ही पण पाहून घ्या."

सविताताईंनी नख फिरवलं. पहिला गुळगुळीत. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्यात मधेच नख थबकलं.

"इथं अडकतंय हो."

"अरे, काय अडकते!" म्हणत कौतिकनं टॉर्च मारली, आणि हसायलाच लागला. मोहरीएवढा डाग राहिला होता. "सुपडू, तुले नै लागला?"

मिस्त्रींनी बोटं फडक्यात गुंडाळली. कौतिकनं आणखी चार हात मारले, नळीची रुंदी दाखवणारं मापाचं घड्याळ आत सोडलं. माप जेमतेम बसलं, पण बसलं. सविताताईंनी तिथंच हार उतरवला, केळ्याचा नैवेद्य दाखवला आणि इंजिनावर अक्षता टाकायला गेलेला हात वेळीच मागे घेतला.

कौतिक चहाचं सांगायला आत गेला. मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले. नखं नव्हतीच म्हणायची. झिजून, फुटून बोटांच्या टोकांचं शिंग झालं होतं.

"दोन वरसं झाले ताई. काहीच लागत नै. अंगणात तुम्हाले बोट घालायले लावलं ना, ते दाखवायसाठी नव्हतं. मलेच पाह्यचं होतं. प्रत्येक घरी कोनाले तरी घालायले लावतो. लोक समजतात, मिस्त्री समजावून सांगतो."

सविताताईंना हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. "पण मिस्त्री, माझं नख तरी कुठं असतं? पिठात जाऊ नये म्हणून मुळापासून कापते. नवरात्रात कापायची नाहीत, म्हणून वाढलीत इतकी."

"तेच तं म्हणतो." मिस्त्रींनी आत, कौतिकच्या दिशेनं एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नवरात्र उठलं. उद्या नखं कापाल. एक मागणं आहे ताई. नऊ कापा. पण उजव्या हाताचं हे एक राहू द्या. इंजिन उघडलं की मी निरोप धाडत जाईन."