चौकोनवाले पावणं

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. उरलेल्या लग्नपत्रिकांसारखे ते माळ्यावर पडून राहतात, आणि फेकायला काढावेत तर प्रत्येकावर एखादं ओळखीचं नाव निघतं. माझं राजारामपुरीत पत्रिका छापायचं दुकान, त्यामुळं मला उपमाही तिथलीच सुचणार. तर माझ्या माळ्यावरचे निम्मे किस्से आमच्या ईमेल ग्रुपचे आहेत. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं आम्ही काही कोल्हापूरकर दुकानात कमी आणि त्या ग्रुपवरच जास्त बसायचो.

ग्रुप कशासाठी? तर कॉम्प्युटरवर मराठी दिसावं आणि लिहिता यावं, एवढ्यासाठी. तेव्हा हे सरळ होत नव्हतं. कुणी मराठीत मेल पाठवला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे, बाथरूमच्या फरशीसारखे ओळीनं. मग तो माणूस घाबरून ग्रुपवर यायचा आणि इंग्रजी अक्षरांत विचारायचा, "मराठीच्या जागी चौकोन दिसतात, काय करू?" सोमवारी एकजण विचारणार, मंगळवारी दुसरा, आणि बुधवारी सोमवारवालाच परत.

ग्रुप चालवायचा संदीप. कसबा बावड्याचा पोरगा, घरी उसाची शेती, स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर. डोकं तल्लख, पण लगेच तापणारं. सुरुवातीला तो असल्या प्रश्नांना एकच उत्तर द्यायचा, "हे आधी येऊन गेलंय. मागचे मेल वाचा, मग तोंड उघडा." त्या महिन्यात आलेले निम्मे लोक तोंड न उघडताच निघून गेले.

मग आप्पा मध्ये पडले. आप्पा म्हणजे गडहिंग्लजचे, जनावरांच्या पेंडीचे व्यापारी. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी, आणि दोन्ही मोठ्या आवाजात. त्यांनी सगळ्यांसमोर, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं 'तम्मा' म्हणून, लिहिलं, "संदीप तम्मा, दारात पावणा आला तर तू त्याला काय म्हणतोस? मागच्या महिन्यात तुमचा चुलतभाऊ पाणी पिऊन गेलाय, चव त्याला विचारा, असं?"

त्या दिवसापासून ग्रुपचा नियम झाला. प्रश्न शंभरदा आला तरी विचारणाऱ्याला 'पावणं' म्हणायचं, पहिलं वाक्य 'घाबरू नका' आणि शेवटचं वाक्य 'नाही कळलं तर पुन्हा विचारा, इथं कुणी ओरडत नाही.' संदीप हे दात-ओठ खात टाइप करायचा, पण करायचा.

*

तरी त्याला वाटायचं, एकदाच फक्कड उत्तर लिहून ठेवावं आणि प्रत्येकाला तेच पाठवावं. एक अख्खा रविवार बसून त्यानं ते लिहिलं. कंट्रोल पॅनल कुठं, खूण कुठं करायची, कॉम्प्युटरसोबत आलेली सीडी कधी घालायची, सगळं शुद्ध मराठीत, एकही इंग्रजी अक्षर नाही. आम्ही वाचून वाहवा केली आणि पुढच्या पावण्याला ते पाठवून दिलं.

पावण्याचं उत्तर आलं, "आभारी आहे. आधी एका ओळीत चौकोन होते, आता चार पानं झाले."

आप्पांनी लिहिलं, "किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलंस की रे." नंतर नियमात भर पडली की चौकोनवाल्याला उत्तर इंग्रजी अक्षरांतच द्यायचं.

*

दुसरा मोठा नियम पण आप्पांचाच. ज्याला शेवटचं उत्तर मिळालंय, त्यानंच पुढच्या पावण्याला उत्तर द्यायचं. म्हणजे शिकलेलं डोक्यात राहतं आणि एकट्या संदीपचं डोकं तापत नाही.

हुपरीचे एक गृहस्थ होते, पैंजण करणारे. घरातच कारखाना, बायको-सून सगळी त्याच कामात. त्यांना आठ दिवस खपून आम्ही मराठी दाखवलं आणि सांगितलं, आता पुढची पाळी तुमची. झालं, माणूस तयारच बसला. पण नेमकं त्या पंधरवड्यात कुणाला चौकोनच दिसेनात. शेवटी पुण्याच्या एका बाईंनी विषय सोडून सहज विचारलं, "कोल्हापूरहून नेलेले पैंजण काळे पडलेत, काय करावं?"

हुपरीकरांचं उत्तर पाच मिनिटांत हजर. "पावणं, घाबरू नका. आधी कंट्रोल पॅनल उघडा."

मी फोन करून म्हटलं, "अहो, चांदीतलं तुमच्याएवढं कुणाला कळतंय? तेवढं तरी सांगायचं." तर म्हणाले, "चांदीचं काय, ते रोजचंच हाय. हे नवीन शिकलोय."

*

एका प्रश्नावर मात्र नियम टिकेना. पांढरा रस्सा फुटतो, काय करावं? हा प्रश्नही दर महिन्याला यायचा, परदेशी गेलेल्या कुणाकडून तरी. चौकोनाला सगळ्यांचं उत्तर एक होतं. रश्श्याला जितकी घरं तितकी उत्तरं. कुणी म्हणे नारळाचं दूध शेवटी घाला, कुणी म्हणे आधी घातल्याशिवाय घरात घेणार नाही. एकदा दोघे सख्खे भाऊ ग्रुपवर भांडले आणि ते एकाच आईच्या हातचं जेवलेले.

शेवटी आप्पांनी निकाल दिला, "दूध कोमट करून शेवटी घालायचं, मंद आचेवर. विषय संपला." मला राहवलं नाही. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही लिंगायत माणूस. घरात अंडं सुद्धा येत नाही. तुम्हाला काय ठाऊक?"

आप्पा म्हणाले, "चव ठाऊक न्हाय म्हणूनच मला राग येत न्हाय. न्यायाधीश असाच लागतोय."

*

एकदा मी संदीपच्या घरी बावड्याला गेलतो. एका पत्रिकेतली जोडाक्षरं तुटत होती, ती दाखवायला. हा कॉम्प्युटरसमोर बसून कुणातरी सोलापूरच्या माणसाला उत्तर लिहीत होता. बाहेर गोठ्यात त्यांची चांदणी म्हैस ओरडत होती, गाभण होती. तिला वैरण टाकून संदीपचे वडील, आबा, हात पुसत आत आले आणि त्याच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"संदीप, ते मेलचं परत एकदा दाव की रं. कुठं दाबायचं?"

"आबा, परवाच दाखवलंय. कितींदा सांगू? सोडा ते, तुम्हाला न्हाय जमायचं."

एवढं बोलून हा परत पडद्याकडं वळला आणि टाइप करायला लागला, 'पावणं, घाबरू नका.' मला वाईट वाटलं. मी पत्रिका गोळा केली आणि उठलो.

आबा मला सोडायला दारापर्यंत आले. म्हणाले, "ह्यो पावणं-पावणं कुणाला म्हणतोय?"

"ग्रुपवर जे नवीन लोक प्रश्न विचारतात, त्यांना."

"त्यांनी परत परत इचारलं तर?"

"तर परत परत सांगायचं. नियमच हाय आबा. ओरडायचं न्हाय."

"बरं हाय की," आबा म्हणाले आणि गोठ्याकडं गेले.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्रुपवर 'उसवाला' नावाचा माणूस आला. खरं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. नेटकॅफेतून लिहितो म्हणाला. पण येण्याचं कारण पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. "पोरगं दिवाळीनंतर परदेशी चाललंय. फोन लई महाग. इंग्रजी अक्षरं कशीबशी जुळवतो, पण इंग्रजी मला येत न्हाय. त्याच्या आत मला मराठीत मेल लिवायला आलं पायजे. आन् मॉडरेटरसायबांनीच शिकवावं."

संदीप खूश झाला. "ह्या पावण्यांना माझ्याकडं सोडा," म्हणाला. मग रोज प्रश्न सुरू झाले. सीडीची चकाकती बाजू वर का खाली? कॅफेवाला माउसला हात लावू देईना, त्याला काय सांगू? कालचं आज विसरलो, परत सांगता का? आणि संदीप, तो तापट संदीप, दर वेळी पहिल्यापासून सांगायचा. आप्पा मला फोनवर म्हणाले, "पोरगं सुधारलं बघ."

एकदा संदीपनं त्यांना विचारलं, "पावणं, तुमचा मुलगा शिकवत नाही का?"

उसवाला म्हणाला, "एकदा शिकवतोय. दुसऱ्यांदा इचारलं की वरडतोय."

संदीपचं डोकं फिरलं. सगळ्या ग्रुपसमोर लिहिलं त्यानं, "असल्या पोराला माझ्याकडं पाठवा. बापाशी कसं बोलायचं ते मी शिकवतो."

"पोरगं वाईट न्हाय," उसवाल्याचं उत्तर आलं. "कामाचा ताण असतोय. आधी मला जोडाक्षर शिकवा."

दिवाळीच्या तोंडावर उसवाल्याचा पहिला मराठी मेल ग्रुपवर आला. 'नमस्कार' एवढा एकच शब्द, पण स्का बरोबर जोडलेला. आम्ही सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. आप्पांनी आठवण करून दिली, "पावणं, आता पुढची पाळी तुमची बरं का."

*

त्याच दिवाळीनंतर संदीपची सिंगापूरच्या नोकरीवर जायची तारीख आली. निघायच्या आधी बावड्याला त्याच्या घरी आम्ही सगळे जमलो. हुपरीकर पैंजणाचा जोड घेऊन आले, आप्पा पेंडीचा वास घेऊन आले. संदीप म्हणाला, "सगळे भेटला, पण उसवाल्यांना भेटायचं राहिलं. कुठले कोण, एवढ्या दिवसांत कळलंच न्हाय."

आबा सगळ्यांना चहा देत होते. कपबशी माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "असतील की कुठंतरी. ऊस काय एकाच्याच रानात असतोय व्हय?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी चहा घेतला.

*

संदीप जाऊन दोनेक आठवडे झाले असतील. एका सकाळी दुकान उघडून मेल बघतो तर ग्रुपवर संदीपचा प्रश्न. इंग्रजी अक्षरांत.

"घरून पहिलाच मेल आलाय. आबांच्या नावानं. मराठीत असणार, पण इथं नुसते चौकोन दिसतात. कॉम्प्युटर ऑफिसचा आहे, सीडी नाही, काही बदलू देत नाहीत. काल दिवसभर नुसता बघत बसलोय. काय करू?"

ज्यानं शंभरदा उत्तर दिलं त्यानंच तो प्रश्न विचारला होता. चिडवायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती, पण ती कुणी साधली नाही. आप्पांचा फक्त मला फोन आला. "पाळी कुणाची हाय रे?"

"उसवाल्याची," मी म्हटलं. त्याच्यानंतर दुसरा कुणी चौकोनवाला आलाच नव्हता.

दुपारी उत्तर आलं. नियमाप्रमाणं इंग्रजी अक्षरांत, आणि सगळ्या ग्रुपला.

"पावणं, घाबरू नका. सुरवातीला समद्यांस्नी चौकोनच दिसत्यात. सीडी मिळंपातूर त्यात काय लिवलंय ते सांगतो. चांदणी व्याली, रेडी झाली. आईचा गुडघा आता बरा हाय. तुझ्या खोलीत कुणाला झोपू देत न्हाय. जेवान येळेवर कर. न्हाय कळलं तर परत इचार. हितं कोण वरडत न्हाय."