सहा महिन्यांचा हकीम

दक्षिण लेबनॉनच्या त्या डोंगरी गावात वदादच्या अठरा शेळ्या होत्या. नवरा गेलेला, मुलगा ब्राझीलला. शेळ्यांना ती लेकींसारखी नावानं हाक मारी. शांतिसेनेच्या भारतीय तुकडीतला जनावरांचा डॉक्टर, कॅप्टन रौतेला, दर मंगळवारी गावात येई. त्याचं अरबी मोडकंतोडकं. "मावशी, कसा आहेस?" तो विचारी. "मी बरा आहे लेका, तू कशी आहेस?" वदाद तसंच उत्तर देई, आणि दोघं हसत.

शांतिसेनेची मुदत सहा-सहा महिन्यांची. संपत आली की तिकडे न्यूयॉर्कला मतदान होई आणि ती वाढे. त्या वर्षी मात्र जानेवारी सरत आला तरी काहीच ठरेना.

"या खेपेला गाशा गुंडाळतात बघ," शेजारीण अदला म्हणाली. ती रेडिओ कानाला लावूनच फिरत होती.

वदादच्या सात शेळ्या गाभण होत्या, आणि डॉक्टर यायला लागण्याआधी एक अडलेली शेळी तिच्या मांडीवर मान टाकून गेली होती. मंगळवारी तिनं रौतेलाला गाठलं.

"मुदत वाढली नाही तर?"

"तर आम्ही जाणार, मावशी."

"मग जायच्या आधी मला शिकव. अडलेली शेळी सोडवायला."

तो हसला नाही. "आधी नखं काप," म्हणाला.

एकतीस तारखेला दुपारी जमीला नावाची शेळी अडली. वदादनं निरोप धाडला, रौतेला धावत आला; पण गोठ्यात नुसता उकिडवा बसला. "माझा पंजा मोठा. तुझाच हात घाल. पाय मागे मुडपलाय, पिल्लू आधी आत लोट."

साबणानं माखलेला वदादचा हात कोपरापर्यंत आत गेला. तेवढ्यात अदला ओरडत आली, "वाढली! सहा महिने वाढली!"

"गप्प बस गं! खूर सापडतोय!"

करडू बाहेर आलं, शिंकलं, थरथरत पडून राहिलं. वदाद रौतेलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तोही डोळे पुसत होता.

पुढे तुकडी बदलली तसा रौतेला गेला. मुदत वाढते ती सेनेची, माणसाची नाही, हे वदादला तेव्हा कळलं. तिनं त्याला तेलात मुरवलेल्या चक्क्याच्या गोळ्यांची बरणी दिली. "आईला दे," एवढंच बोलली.

नंतर नवे डॉक्टर येत राहिले. पण शेळी अडली की आसपासच्या तीन गावांतली माणसं आधी वदादचं दार ठोठावत, आणि ती बाह्या सारत निघे.