एक जूनचे नाना

नाना गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड, त्यावर त्यांच्या मुलाचं, दिलीपचं अक्षर… "नाना शांतपणे गेले." कॉलेजातूनही ते तसेच गेले होते, आणि त्या जाण्यात माझा हात होता. म्हणून महिनाभराने का होईना, हे लिहितो आहे.

नाना प्राचार्य, मी त्यांचा हेडक्लार्क. जळगावला विद्यापीठ आलं तेव्हा नाना पोरासारखे हरखले होते. तोवर साध्या कागदासाठीही पुण्याकडे डोळे लावून बसायचं. "आता आपला कारभार आपला," ते म्हणायचे, "म्हणजे बोट दाखवायला आता पुणं उरलं नाही." पुढे विद्यापीठाच्या एका समितीवर त्यांची वर्णी लागली. जन्मतारीख दुरुस्तीचे अर्ज तिच्यापुढे येत. आमच्या पिढीत निम्म्या खान्देशाचा जन्म एक जूनचा! बाप पोराला शाळेत नेऊन उभं करी, गुरुजी अंदाजाने वय धरत आणि एक जून लिहून मोकळे होत. निवृत्ती जवळ आली की मग ज्याला त्याला खरी तारीख आठवे. आमचे ग्रंथपाल सोनवणे यांनाही आठवली, आणि त्यांची तर खरोखरच खरी होती. अर्ज मीच टाइप केला होता. नानांनी समितीत तो फेटाळला. "ज्या तारखेवर नोकरी धरली, त्याच तारखेवर सोडायची." एकतीस मेला सोनवण्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

तीन वर्षांनी नानांची पाळी आली. एम.एस्सी.चा वर्ग सुरू करण्यासाठी ते पाच वर्षं झिजले होते. पाहणी समिती ऑगस्टमध्ये येणार आणि नाना मेअखेर घरी. अन् त्यांचीही तारीख एक जूनचीच, तीही वय वर्षभर वाढवून लिहिलेली. त्यांच्या आई, अक्का, भेटेल त्याला सांगत, "मना नाना कानबाईना येळे जल्मना. जूनमा काय शे?" कानबाई आमच्याकडे श्रावणात बसते. संस्थेच्या अध्यक्षांनी गळ घातली, "नाना, समिती आपली, माणसं आपली. अर्ज तर टाका!" नवव्या दिवशी नाना मला म्हणाले, "भाऊ, टाइप करा." ते काही साधुसंत नव्हते. त्यांना राहायचं होतं, फार राहायचं होतं.

मी आपली घाई केली. सोनवण्यांच्या अर्जाची कार्बन कॉपी समोर ठेवली आणि नाव, तारखा तेवढ्या बदलल्या. नानांनी सवयीने आधी सही ठोकली, मग वाचायला घेतलं.

"मजकूर ओळखीचा वाटतोय."

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी जुना अर्ज मागवला, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले… "भाऊ, सोनवण्यांच्या अर्जात खोटं काय होतं?"

"काहीच नाही, नाना."

"मग हाही नामंजूर."

दोन्ही कागद एका टाचणीने जोडून त्यांनी बॅगेत टाकले. मला राग आला, अजूनही येतो. एकावरचा अन्याय स्वतःवर करून घेतला की तो फिटतो होय? पण हे त्यांना सांगायची छाती मला झाली नाही. निरोपाच्या जेवणाला सोनवणे न बोलावता आले. नानांच्या शेजारी बसत म्हणाले, "नाना, आते आपण बठ्ठा सारखा." त्या 'सगळे सारखे'वर नाना हसले नाहीत, पण त्या आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवले. एम.एस्सी.ची पाहणी पुढे त्यांच्यावाचून झाली. वर्गाच्या उद्घाटनाला ते तिसऱ्या रांगेत बसले होते.

परवा धुळ्याला दिलीपकडे गेलो. नानांची बॅग खुंटीवरच होती. त्याला ते दोन कागद सापडले होते, टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. तसबिरीखाली तारखा घालायच्या होत्या, म्हणून त्याने विचारलं, "काका, हे खरं असेल तर जन्मतारीख कोणती लिहू?"

कानबाईची खरी तारीख माझ्या ओठांवर आली होती. ती टाइप मीच तर केली होती.

"एक जून लिही," मी म्हणालो.