कंपनीचा जावई

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, गेली बावीस वर्षं. स्वभावाने पक्के संशयी. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतः पिळून पाहिल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. चालत्या लिफ्टला उगाच हात लावायचा नाही, हे हाताखालच्या माणसांना रोज बजावणार. आणि घरी? फोनच्या कंपनीने सांगितलं की मुकाट्याने बटण दाबणार. फोन तिचाच, घड्याळ तिचंच, तिच्या रिकाम्या खोक्यांनी माझं निम्मं कपाट अडवलेलं. कोणी तिला नावं ठेवली की यांना मिरच्या झोंबतात. माझी नणंद यांना कंपनीचा जावई म्हणते. मी म्हणते, जावयाचे निदान लाड तरी होतात.

पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? सासूबाईंना ऐकू येईनासं झालं, तेव्हा यांनी त्याच कंपनीचं कानातलं मशीन आणलं. ते फोनच्या हुकमावर चालायचं, फोनवरचा आवाज थेट कानात. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या अक्काशी सासूबाई दोन वर्षांनी बोलल्या, तेव्हा मीच ढसाढसा रडले होते. तेव्हापासून रोज सकाळी आठला दोघी बहिणी एकमेकींवर डाफरायच्या. अक्कांचे दिवस भरत आलेत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी फोनवर कंपनीचं काहीतरी नवं अपडेट आलं. यांनी चहा पिता पिता आपल्या फोनवर बटण दाबलं, आईच्याही फोनवर दाबलं. कानातलं मशीन ठप्प.

मी म्हटलं, बाजारात साधं मशीन मिळतं, ते आणा, चार दिवस तरी निभेल. हे ऐकेनात. कंपनी दोन दिवसांत सुधारेल म्हणाले, तक्रार लिहिली. उत्तर आलं ते गोड गोड: आपण आमच्या परिवारातले आहात. माझं डोकंच फिरलं. परिवार म्हणे! मंगळवार गेला, बुधवार गेला. यांचा पाय एका जागी ठरेना. गॅलरीत जायचे, फोन बघायचे, आत यायचे, पुन्हा गॅलरीत. बुधवारी तिरीमिरीत दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेले, तासभर फोन चिवडले आणि हात हलवत परत आले. हातात नीट बसत नाही म्हणे. हसावं की रडावं, मला कळेना. सासूबाई मात्र आठ वाजता फोन मांडीवर घेऊन बसायच्या आणि अक्का काय म्हणते विचारायच्या. आम्ही वहीत उत्तर लिहून दाखवायचो.

गुरुवारी अक्कांच्या मुलाने कळवलं, अक्कांची वाचा गेली. माणसं ओळखतात, पण शब्द फुटत नाही. आता हे वहीत कसं लिहायचं? हे तीनदा पेन घेऊन बसले, तीनदा उठले. शेवटी 'अक्का झोपल्यात' एवढंच लिहिलं. शुक्रवारीही तेच लिहिलं.

शनिवारी सकाळी कंपनीने दुरुस्ती पाठवली. यांनी बटण दाबलं. सासूबाईंनी मान वर केली आणि मोरीतला नळ गळतोय म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मशीन पहिल्यापेक्षाही छान चालत होतं, खोटं कशाला बोलू? पण आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी अक्कांना फोन लावलासुद्धा. पलीकडे मुलाने तो अक्कांच्या तोंडाशी धरला असणार.

"अक्के, येतंय गं ऐकू मला. बोल." सासूबाई थांबल्या. "रागावलीस होय? बोल ना."

त्यांनी फोनचा आवाज वाढवून पाहिला. मग यांच्याकडे वळल्या.

"अरे, तुझं ऐकू येतंय, पण फोनमधलं काहीच येत नाही. तुझ्या कंपनीने पुन्हा बिघडवलं वाटतं."

हे पलंगाच्या कडेवर टेकले. कंपनीविरुद्ध यांच्या तोंडून मी आजवर अवाक्षर ऐकलं नव्हतं. आईच्या हातातला फोन यांनी हळूच काढून घेतला.

"हो आई," हे म्हणाले, "कंपनीचीच चूक आहे."