कळ सोडणारी द्वारकाबाई

दत्तोबांनी पळसदेवला धरणाच्या पाण्याकाठी डिझेल इंजिन बसवलं, त्याच दिवशी नवराबायकोची कामं वाटली गेली. हँडल दत्तोबांनी मारायचं आणि इंजिनाच्या डोक्यावरची बोटभर कळ द्वारकाबाईंनी उचलून धरायची. कळ वर असली की आतला दट्ट्या मोकळा हलतो, चाक हलकं फिरतं. चाकानं वेग घेतला की दत्तोबा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सोड!" बाई कळ सोडायच्या आणि इंजिन धूर ओकत सुरू व्हायचं.

"हातभर लांब हाय मी. वरडता कशाला?" हा फणकाराही रोजचाच.

चौऱ्याण्णवच्या थंडीत दत्तोबा गेले. उन्हाळा लागला, ऊस वाळायला लागला. बारामतीला कंपनीत असलेला मुलगा ऋषिराज म्हणाला, "आई, इंजिन इकू. तू चल माझ्याकडं."

"माझ्या हातनं चालू झालं तर मी हितंच ऱ्हाईन," बाई म्हणाल्या.

तो हसला. त्याचं तरी काय चुकलं? अर्धा जन्म इंजिनाशेजारी काढून बाईंना येत होती ती एवढी कळच.

पहिल्याच दिवशी हँडलनं उलटा झटका दिला आणि मनगट टम्म सुजलं. दत्तोबा अंगठा बोटांच्याच बाजूला का ठेवायचे, ते तेव्हा उमगलं. मग चाक फिरू लागलं, पण धूर निघेना. डिझेलच्या नळीनं हवा धरली होती. बाईंनी पान्यानं नट सैल केला, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत थांबल्या आणि परत आवळला.

आता कळ कोण सोडणार?

"वैनी, मी धरतो," शेजारचे सोपानराव म्हणाले.

"आज धराल. उद्या?"

शेवटी त्यांनी कळ वर करून तिला सुतळी बांधली आणि दुसरं टोक ताणून दातात धरलं. दोन्ही हातांनी चाक घुमवलं, वेग आला तशी दातातली सुतळी सोडली. इंजिन धडाडलं. पाणी उसात पडायला लागलं.

धापा टाकत बाईंनी समोर पाहिलं. त्या दत्तोबांच्या जागी उभ्या होत्या आणि कळीपाशी कुणीच नव्हतं. इतकी वर्षं इथून त्यांना रोज आपण दिसत होतो, हे बाईंच्या आज ध्यानात आलं.

"वरडा की वो आता," त्या म्हणाल्या.